फाईलचं आडनाव

आम्ही पुणेकर नव्या माणसाला आधी आडनाव विचारतो आणि मग त्याच्याशी किती बोलायचं ते ठरवतो. हेब्बाळच्या हनुमंतराव निकमांना माणसाच्या आडनावाशी काही देणंघेणं नाही. ते फाईलचं आडनाव विचारतात. म्हणजे फाईलच्या नावात टिंबानंतर जी तीन अक्षरं येतात, ती.

हनुमंतरावांचं रेडियमचं दुकान आहे. रिक्षाच्या पाठीवर मुलांची नावं, मोटारसायकलवर कुलदैवत, काचेच्या दारावर कंपनीचं चिन्ह, हे सगळं ते स्टिकरच्या कागदातून यंत्राच्या पात्याने कापून देतात. घराणं तीनेकशे वर्षांपासून या कन्नड मुलखातलंच, त्यामुळे मराठीत कन्नड कधी मिसळलं हे त्यांनाही माहीत नाही. सगळा रस्ता त्यांना अण्णा म्हणतो.

अण्णांच्या मते जगात दोनच घराणी आहेत, रेघवाले आणि ठिपकेवाले. एसव्हीजी, ईपीएस, सीडीआर ही रेघवाली. त्यांना कितीही ताणा, रेघ ती रेघच राहते, आणि पात्याला तीच लागते. जेपीजी, पीएनजी, जीआयएफ ही ठिपकेवाली. लांबून गोंडस, जवळ गेलं की नुसते चौकोन. मी पीडीएफचं विचारलं, तर म्हणाले, "त्याचा भरवसा नाही. तो दोन्ही घरी जेवतो."

मी बारा वर्षं इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यामुळे अर्थातच मला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या मराठी मंडळाच्या चिन्हाचा स्टिकर करायला मी जेपीजी घेऊन गेलो. अण्णांनी ती पडद्यावर घेतली, "स्वल्प मोठं करून बघू," म्हणाले, आणि चौसष्ट पट मोठी केली. अण्णांचं स्वल्प हे असं. मंडळाच्या मोराचा तुरा पडद्यावर जिन्यासारखा दिसायला लागला. अण्णा म्हणाले, "फुटतंय." विषय संपला.

मी फुकटात फाईल बदलून देणारी एक वेबसाईट गाठली आणि जेपीजीची एसव्हीजी करून दुसऱ्या दिवशी हजर झालो. त्या वेबसाईटने माझा तोच फोटो एसव्हीजीच्या पोटात कोंबून परत दिला होता. अण्णांनी स्वल्प मोठं केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लग्न लावून आणलंस काय रे हिचं? आडनाव बदललं, नाक तेच की."

माझी एकट्याची अशी शोभा झाली असती तर मी वाईट वाटून घेतलं असतं. पण मारतहळ्ळीहून एक कंपनीवाले साहेब आले होते. त्यांची कंपनी म्हणे चित्रांचं भविष्य घडवते. त्यांच्याकडे स्वतःच्या कंपनीचं चिन्ह फक्त व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटमध्ये होतं, वर बॅटरी पाच टक्के दिसत होती. अण्णांनी विचारलं, बॅटरीसकट कापू काय? लग्नपत्रिकेवरच्या गणपतीलाही त्यांनी सोडलं नाही. सोंडेला पायऱ्या आहेत म्हणाले, उंदीर चढेल.

ठिपकेवाल्यांना अण्णा रस्त्यापलीकडे पाठवायचे. "तिकडे. तम्माकडे." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, व्यंकट. त्याचं फ्लेक्सचं दुकान बरोबर समोर होतं. फ्लेक्सवर काहीही छापता येतं, जेपीजीसुद्धा. वडील गेल्यावर वाटणी झाली तेव्हा कापायचं यंत्र थोरल्याकडे आलं, छापायचं धाकट्याकडे गेलं. पण बोलणं बंद झालं ते वाटणीवरून नव्हे. वडिलांच्या वर्षश्राद्धाला व्यंकटने पासपोर्टच्या फोटोचा दहा फुटी फ्लेक्स लावला. त्याच्याकडे दुसरा फोटोच नव्हता. अण्णांनी जेवायला बसलेल्या शंभर पाहुण्यांसमोर वर बघितलं आणि म्हणाले, "बापाचं तोंड फोडलंस." त्याला अकरा वर्षं झाली. समोरासमोरच्या दुकानांत दोघे भाऊ रोज एकाच वेळी शटर वर करायचे आणि एकमेकांच्या पायऱ्यांपलीकडे बघायचे नाहीत.

मग शहरात फ्लेक्सवर बंदी कडक झाली. मला आनंद झाला, कारण वाढदिवसाचे आमदार चौकातून दिसेनासे झाले. व्यंकटचं दुकानही त्यांच्याबरोबर बसणार हे माझ्या डोक्यात आलं नाही. चहावाल्याने सांगितलं, या महिन्यात कामं आली नाहीत तर व्यंकट दुकान बंद करून बोम्मसंद्र्याला कारखान्यात पॅकिंगला लागणार. म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, घरदार घेऊन. हे अण्णांना कळलं का, असं मी विचारलं. चहावाला म्हणाला, दोघांचा चहा मीच देतो की.

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलीने मंडळाचा मोर रेघ न् रेघ नव्याने काढून दिला. अस्सल एसव्हीजी. मी स्वतः शंभर पट मोठी करून बघितली होती. अण्णांनी फाईल उघडली, स्वल्प मोठी केली, तुऱ्यावरून, चोचीवरून, पंजावरून फिरले. लोण्यातून सुरी जावी तशी रेघ होती. मी कौतुकाची वाट बघत उभा होतो.

अण्णा म्हणाले, "फुटतंय. तम्माकडे ने."

"अण्णा, ही रेघ आहे. तुम्हीच शिकवलंत."

"मला दिसतं ते सांगतो. तम्माकडे ने."

मी चिडून रस्ता ओलांडला. व्यंकटने फाईल उघडली आणि तुऱ्यापासून पंजापर्यंत मोठी करून बघितली. दोघांची मोठं करायची सवय एकच होती. मग त्याने विचारलं, "अण्णाने पाठवलं?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "या महिन्यात लई जण आले असे. सगळ्यांचं फुटतंय म्हणून सांगितलं म्हणे. एकाचंही फुटत नव्हतं."

तेव्हा कुठे माझ्या सॉफ्टवेअरच्या डोक्यात उजेड पडला. मला भरून आलं, आणि पुणेकराला चारचौघांत भरून आलं की तो दर्जाबद्दल तक्रार करतो, म्हणून मी उगाच मोराचा रंग फिका आहे म्हणालो. व्यंकटने रंग गडद केला आणि मोर स्टिकरच्या कागदावर छापून दिला. मी निघालो तेव्हा यंत्राकडे बघतच म्हणाला, "अण्णाचे डोळे बरे आहेत ना? विचारा स्वल्प."

मी परत आलो. अण्णा एका रिक्षासाठी कुणा लक्ष्मीचं नाव कापत होते. काम झालं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "झालं. तुमचे डोळे बरे आहेत का, विचारलंय त्यांनी."

अण्णांनी यंत्र थांबवलं. लक्ष्मीचा 'क्ष' अर्धा कापून राहिला. मी त्यांना असं मध्येच थांबलेलं कधी बघितलं नव्हतं.

"बघायचे असतील," ते म्हणाले, "तर येऊन बघ म्हणावं."

माझ्या हातातला मोर तिथेच काउंटरवर टाकून मी पुन्हा रस्ता ओलांडला.