चौथ्या डब्यातलं सहावं रीळ

सासऱ्याच्या हातचं काम जावयाने दुरुस्त करू नये, हे शहाणपण जावयाला सुचलं तेव्हा मध्यंतराला पंचवीस मिनिटं होती. व्हायचं ते तोवर होऊन गेलं होतं.

त्या टॉकीजमध्ये सगळे त्याला जावईच म्हणत. सासरे तिथे तीस वर्षं ऑपरेटर होते. नजर अधू झाल्यावर त्यांनी मशीन सोडलं आणि मालकीणबाईंच्या मागे लागून, महिनाभराच्या बोलीवर, आपल्या जागी जावयाला चिकटवलं. आज महिना पुरा होत होता आणि नेमका आजच टॉकीजचा वाढदिवस होता. त्या दिवशी दुपारी मालकीणबाई गावाला आपला आवडता सिनेमा फुकट दाखवत. दर वर्षी तोच. गाव त्याला नुसतं ‘पुराचा सिनेमा’ म्हणे. बाईंनी जावयाला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, “आजचा खेळ नीट झाला तर तू कायमचा. नाही झाला तर दुसरीकडे बघ.”

जावई बाहेरगावचा. त्याने हा सिनेमा कधी पाहिला नव्हता, पण कामाला चोख होता. सकाळी येऊन त्याने दहाही डबे उघडून तपासले. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीच्या काळ्या पट्टीवर आकडा खरवडलेला असतो. चार नंबरच्या डब्यातल्या रिळावर सहा होता आणि सहाच्या डब्यातल्या रिळावर चार. सासऱ्यांची नजर, दुसरं काय, असं म्हणून त्याने रिळं जागच्या जागी घातली. वर कुणाकडे वाच्यता न करता म्हाताऱ्याची अब्रू राखली, म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

तिसरं रीळ संपत आलं तेव्हा डोअरकीपर चहा घेऊन वर आला. या सिनेमात लोकांना एवढं काय आवडतं, असं जावयाने सहज विचारलं. डोअरकीपरने स्टूल ओढून बूड टेकलं.

“आता बघा, मध्यंतराच्या आधी धाकटा भाऊ पुरात वाहून जातो. डोळ्यांदेखत. बहीण ढसाढसा रडते. आणि मध्यंतर झालं, की पहिल्याच सीनला तोच भाऊ घरात जेवायला बसलेला. वर आणखी मागून घेतो. गेला कसा, आला कसा, कुणी एका शब्दानं विचारत नाही. असं दाखवायला छाती लागते.”

मग त्याने कुणाला काय आवडतं तेही सांगितलं. न्हाव्याला हा सिनेमा आवडे, कारण इतक्या उशिरा घरी येऊनही ज्याला कुणी जाब विचारत नाही असा माणूस त्याने दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता. हेडमास्तरांच्या मते भाऊ हे प्रतीक होतं. कशाचं, यावर त्यांनी अकरा पानांचा लेख लिहिला होता. शेवटी भावाचा फोटो भिंतीवर दिसतो, तर तो नोकरीनिमित्त लांब गेला असणार, असं गावाने एकमताने ठरवून टाकलं होतं. आणि मालकीणबाईंचा स्वतःचा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी नदीवर गेला तो परत आलाच नव्हता.

“तो भाऊ ताटावर बसला की बाई मोठा श्वास सोडतात,” डोअरकीपर म्हणाला. “मी दाराशी असतो. वर्षातून एकदाच सोडतात.”

जावयाने हातातला कप तसाच खाली ठेवला. कारण बोलता बोलता त्याने चौथं रीळ सुरू केलं होतं, आणि पडद्यावर तो भाऊ मजेत जेवत होता. खाली कुजबुज सुरू झाली. डोअरकीपरने झरोक्यातून पाहिलं.

“हा आत्ताच कसा जेवतोय? याला अजून मरायचंय ना?”

जावयाने बोटांवर हिशेब केला. आता जेवण, मग रडणं, मग मध्यंतर, मग पूर. आणि त्यानंतर कुणीही परत येणार नव्हतं. इतकी वर्षं पुरातून परत येणारा भाऊ आज कायमचा जाणार होता, आणि त्याच्याबरोबर नोकरीही.

मध्यंतर झालं आणि माणसं जिन्याशी जमली. भाऊ धडधाकट असताना बहीण एवढी रडली कशाला, असं न्हावी विचारत होता. खरं म्हणजे तिची बस चुकली होती, पण ते तीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हेडमास्तर अकरा पानांच्या काळजीत भिंतीला टेकून उभे होते.

“भाऊ मरणार आहे ना आज?” एकाने वर पाहून विचारलं.

“मरेल,” जावई म्हणाला. “जरा धीर धरा.”

मालकीणबाई मात्र खुर्चीवरून हलल्या नव्हत्या. नुसत्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या. त्याची जावयाला जास्त धास्ती वाटली.

तेवढ्यात सासरे भिंत चाचपत जिना चढून आले. “जावईबापू, रिळं बदललीत का?”

“बदलली नाहीत मामा. बरोबर लावली.”

“तेच तर केलंत,” सासरे म्हणाले आणि मटकन खाली बसले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी घाईत रिळांची अदलाबदल झाली. आता नोकरी गेली म्हणून ते घाम पुसत बसले, तर बाई डोळे पुसत वर आल्या आणि म्हणाल्या, दर वर्षी हाच लावा. तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता तीस वर्षं गेली.

पूर गाळावा, तर गाव भाऊ मेल्याशिवाय घरी जायला तयार नव्हतं. दाखवावा, तर बाईंचं काय? सासऱ्यांनी बराच वेळ कपाळ चोळलं.

“सहावं लावा. आणि त्याच्यावर चौथं पुन्हा.”

“पण ते लोकांनी आत्ता पाहिलंय.”

“तीस वर्षं तेच बघतायत.”

सहावं सुरू झालं. ते संपायच्या आत चौथं उलटं गुंडाळून तयार ठेवायचं होतं, अवघ्या बारा मिनिटांत. घाईघाईत जावयाच्या हातून अर्धं रीळ सुटून जमिनीवर पसरलं. पडद्यावर पाणी चढत होतं आणि इथे फिल्मची वेटोळी त्याच्या पायांत येत होती. सासऱ्यांनी त्याला बाजूला सारलं, न बघता फिल्म बोटांवर घेतली आणि शांतपणे हँडल फिरवायला लागले. भाऊ बुडाला तेव्हा चौथं रीळ दुसऱ्या मशीनवर चढलेलं होतं. जावयाने डोळे मिटून खटका ओढला.

पडद्यावर भाऊ आणखी वाढायला सांगत होता. खालून हूं की चूं आलं नाही. पुढचा सगळा सिनेमा जावयाने झरोक्याकडे पाठ करूनच चालवला.

खेळ सुटल्यावर बाई जिना चढून आल्या. सासरे डब्यांच्या उतरंडीमागे सरकले. बाई स्टुलावर बसल्या, दम खाल्ला आणि जावयाकडे बघत म्हणाल्या, “माझा भाऊ गेला त्या दिवशी माझ्याशी भांडून, न जेवता गेला होता. हा दर वर्षी परत यायचा, ते बरं वाटायचं. पण जायचा मात्र उपाशीच. आज पहिल्यांदा जेवून गेला.”

बाईंनी डोळे पुसले, उठल्या आणि दाराशी जाऊन थांबल्या.

“उद्यापासून तू कायमचा. पुढच्या वर्षीही असंच लाव, आधी एकदा आणि नंतर एकदा. फक्त चौथं रीळ गुंडाळायला सासऱ्यांना बोलवत जा. अदलाबदल त्यांनी केली होती हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. तेवढं तरी करू देत.”