रेडीकाकांचं मुंगूस

लेकीचा फोन आला तेव्हा रेडीकाका परसातल्या नळाखाली चपला धूत होते.

“बाबा, आपल्या त्या मुंगसाचा एखादा फोटो आहे का हो?” लेक म्हणाली. “मी हिला सांगितलं, लहानपणी आमच्या नळावर रोज मुंगूस पाणी प्यायला यायचं. तर ही म्हणते, फोटो दाखव, नाहीतर तू थापा मारतेस.”

ही म्हणजे काकांची सात वर्षांची नात. काकांनी नळ बंद केला. फोटो नव्हता.

चाळीस वर्षं काकांनी स्टुडिओ चालवला होता. निम्म्या गावाची लग्नं, बारशी आणि पासपोर्ट त्यांच्या हातून गेले होते. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, “हनुवटी खाली, श्वास धरा, रेडी” म्हणायचं आणि मगच बटण दाबायचं. नाव त्यावरूनच पडलं. घरच्यांचे फोटो मात्र गिऱ्हाइकाच्या रोलमध्ये एकदोन उरले तरच निघत. “उरला तर काढू” हे वाक्य लेकीने लहानपणी स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. मुंगसासाठी ती महिनाभर मागे लागली होती. ते दिवस लग्नांचे होते, एकही उरला नाही. हे सगळं काकांना त्या नळापाशी आठवलं आणि फार वाईट वाटलं.

“पाठवतो,” ते म्हणाले. “अजून एक येतं. त्याच्याच खापरपणतवंडांपैकी असेल कुणी.”

काकू आतून म्हणाल्या, “मोबाईलवर काढा आणि मोकळे व्हा.”

“मोबाईलवर फोटो निघतो. काढला जात नाही.”

फ्रिजमध्ये अंड्यांच्या खणात एक रोल होता. थंडीत रोल टिकतो म्हणून काकांच्या घरी रोल नेहमी तिथेच असत. मधल्या काळात दोन फ्रिज बदलले, अंड्यांबरोबर तो रोलही नव्या फ्रिजमध्ये राहायला गेला. काकांनी तो जुन्या कॅमेऱ्यात भरला. रोल धुणारा गावातला शेवटचा लॅबवाला महिनाअखेरीला दुकान बंद करणार होता. म्हणजे हातात छत्तीस फोटो आणि सोळा दिवस. या वेळी सगळा रोल घरचा, गिऱ्हाईक कुणी नाही, असं काकांनी स्वतःला बजावलं.

दुपारी चार वाजता भिंतीखालच्या फटीतून मुंगूस आलं. काका पेरूच्या झाडाआड खुर्ची टाकून बसले होते. अंतर बरोबर, उजेड बरोबर. मुंगसाने पाण्याला तोंड लावलं आणि काका म्हणाले, “रेडी.”

मुंगूस फटीत पसार झालं आणि पहिला फोटो नुसत्या भिंतीचा निघाला. दुसऱ्या दिवशीचे तिन्ही भिंतीचे. पाचव्या दिवसापर्यंत काकांकडे भिंतीचे नऊ फोटो झाले.

“तोंड बंद ठेवता येत नाही का?” काकू म्हणाल्या.

“येतं. पण मग बोट हलत नाही.”

काकूंना खोटं वाटलं. त्यांनी काकांच्या तोंडात मोठी गोळी कोंबली. मुंगूस आलं, पाणी प्यालं, अंग झाडून चांगलं दोन मिनिटं ऊन खात बसलं आणि निघून गेलं. काका गोळी चघळत बघत राहिले. बोट बटणावर होतं, तिथेच राहिलं.

“उद्या रेडी मी म्हणते,” काकूंनी ठरवलं. “मी दिवसभर या खिडकीत बडबडत असते, माझ्या आवाजाला ते भीत नाही.”

हा उपाय खरोखर चांगला होता. काकूंनी खिडकीतून “रेडी” म्हटलं, मुंगूस जागचं हललं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून रेडी ऐकल्यामुळे काकांनी कॅमेरा मांडीवर ठेवला, हनुवटी खाली घेतली आणि श्वास धरला.

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “तुमचं काढायचं नाहीये,” त्या म्हणाल्या.

मग काकांना सुचलं की आपली सवय जात नाही तर मुंगसालाच सवय लावावी. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी तीन ते पाच नळापाशी बसून दर मिनिटाला “रेडी” म्हणू लागले. फोटो नाही, काही नाही, नुसतं “रेडी”. पहिल्या दिवशी मुंगूस फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फटीतून डोकावून पाहिलं. पाचव्या दिवशी ते पाण्यापाशी आलं आणि “रेडी” ऐकून त्याने फक्त एक कान हलवला.

शेजारच्या निवृत्त नर्सबाईंना मात्र कुंपणापलीकडून सवय होत नव्हती. त्यांनी काकूंना गाठलं.

“काका बरे आहेत ना हो? कुणाशी बोलतात?”

“मुंगसाशी.”

“कधीपासून?”

सहाव्या दिवशी मुंगूस आलं, काकांनी कॅमेरा उचलला, “हनुवटी खाली, रेडी” म्हटलं आणि बटण दाबलं. मुंगूस तिथेच होतं. त्यांनी पुन्हा दाबलं. तेवढ्यात नर्सबाई ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन फाटकातून आत आल्या. काकांचा दंड आवळला गेला तेव्हाही ते उरलेल्या हाताने फोटो काढत होते. प्रेशर एकशे ऐंशी निघालं. नर्सबाईंनी कॅमेरा कपाटात ठेवायला सांगितला, पण तोवर रोल संपला होता.

महिनाअखेरीला काका आणि काकू लॅबवर गेले. लॅबवाला पाकीट हातात धरून उभा होता.

“काका, माझं मशीन बिघडलेलं नाही, हे आधीच सांगतो. हा रोल तुम्ही दोनदा वापरलाय. एकावर एक फोटो आलेत.”

“शक्य नाही. रोल कोरा होता, टोक बाहेर होतं,” काका म्हणाले. वापरलेल्या रोलचं टोक आत गुंडाळलेलं असतं, हे ते झोपेतही सांगू शकले असते.

काकूंनी पहिला फोटो हातात घेतला आणि बाकावर बसल्या.

“हा माझा रोल आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “पोरगी मुंगसाच्या फोटोसाठी रडत होती ना, तेव्हा तुमचा जुना कॅमेरा घेऊन मी काढले होते. मुंगूस कुठलं यायला, नुसती ही बसलेली. गुंडाळताना मध्येच थांबले असेन. तुमच्याकडे धुवायला दिला होता. तुम्ही म्हणालात, उद्या, आणि तो फ्रिजमध्येच राहिला.”

बहुतेक फोटो बाद होते. भिंतीच्या विटांतून अर्धी वेणी, नळावर उगवलेला एक कान. काका एकेक मागे टाकत गेले आणि एकाशी थांबले. नळापाशी सात वर्षांची लेक उकिडवी बसली होती. फ्रॉक गुडघ्यांवर ओढलेला, समोरचे दोन दात पडलेले, आणि तोंडभर हसू. तिच्यापासून वीतभर अंतरावर एक मुंगूस पाणी पीत होतं. दोघांच्या मधे तीस वर्षं आहेत, हे फोटोत कुठेच दिसत नव्हतं.

काकांनी चष्मा काढून पुसला, आणि लॅबवाल्याने खुर्ची पुढे केली तेव्हा ते बसले.

फोटो पोचल्याच्या दिवशी लेकीचा फोन आला.

“हिचं दहा वेळा बघून झालं. आता माझ्यावर विश्वास बसलाय. पण बाबा, हा तुम्ही कधी काढला?”

काकूंनी भाजी निवडता निवडता वर पाहिलं. काकांच्या मनात एक क्षण काय आलं ते त्यांनी पुढे कधीच कबूल केलं नाही.

“आईने काढला,” ते म्हणाले.

“वाटलंच मला. तुमच्या एकाही फोटोत मी हसत नाहीये.”

“त्यातलं मुंगूस माझं आहे,” काका म्हणाले. पण तोवर काकूंनी फोन काढून घेतला होता.