विचाराला लागलेला वेळ

संशोधनासाठी चाळीस फॉर्म हवे होते आणि मुलीकडे छत्तीसच होते. उरलेले चार रविवारी संध्याकाळपर्यंत भरून झाले नाहीत, तर तिची शिष्यवृत्ती बंद होणार होती आणि प्रबंध अर्ध्यावर राहणार होता. तेव्हा तिने घरची-शेजारचीच माणसं धरली: काका, मामा, तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि आई.

विषय तिला मनापासून आवडलेला होता. माणूस किती खोल विचार करतो आणि त्याची राजकीय मतं काय असतात, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? फॉर्ममध्ये अकरा कोडी होती. पहिल्या झटक्यात सुचेल ते उत्तर हमखास चुकावं, अशी. बारावा प्रश्न सरळ होता: 'बदल हवा' की 'आहे ते जपायला हवं'? एकावर खूण करा. माणूस लिहीत असताना ती टेबलाखाली मोबाइलवर वेळ लावायची. जितका जास्त वेळ तितका खोल विचार, असं तिच्या गाइडबाईंचं मत होतं. फक्त लिहिणाऱ्याला याचा पत्ता लागता कामा नये.

पत्ता मामांना लागला. मामा निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी शिक्के मारावेत तसे बारा प्रश्न उडवले आणि चष्मा उचलायला वाकले, तेव्हा तिची वही त्यांच्या नजरेला पडली.

"हे काय गं? मी चार मिनिटं, टेलर नऊ?"

"मामा, ते काही नाही..."

"काही नाही कसं? म्हणजे तो माझ्या दुपटीनं खोल?"

काका शिलाईचं दुकान चालवायचे. गेली तीस वर्षं ते 'जपा' म्हणत होते आणि मामा 'बदला' म्हणत होते. त्यांनी कॉलर सारखी केली. "पोस्टमास्तर, कापड दोनदा मापावं लागतं. तुमचं काय, पाकीट उचललं की टाकलं."

मामांनी दुसरा फॉर्म मागून घेतला आणि एकोणीस मिनिटं लावली. त्यातली निम्मी ते छताकडे बघत होते. ते ऐकून काकांनीही कोरा फॉर्म घेतला आणि पाचव्या प्रश्नापाशी उठून दाराबाहेर गेले. प्रश्न असा होता: पहिल्या मजल्यावरून तिसऱ्यावर जायला एक मिनिट लागतं, तर पहिल्यावरून सहाव्यावर जायला किती?

"काका, कुठं चाललात?"

"मोजायला."

ते परतले ते घामाघूम होऊन. उत्तर लिहिलं: सात मिनिटं, चौथ्यावर सायकली आडव्या लावतात. एकूण वेळ अडतीस मिनिटं.

एवढ्यात डॉक्टर आले. जिन्यातच त्यांना सगळी बातमी मिळाली होती. त्यांनी सोफ्याची चांगली जागा पकडली, पेन उघडलं, पहिला प्रश्न वाचला आणि डोळे मिटले. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली.

"हा माणूस बदलवाला आहे," मामा हळूच म्हणाले. "बघा किती खोल गेलाय."

"घोरतोय तो."

"तेच म्हणतोय मी, खोल."

"मग आमचाच," काका म्हणाले. "आहे त्या जागी टिकून आहे."

मुलगी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकली. वेळ मोजला जातोय हे कळल्यावर लावलेला वेळ कुठल्याच तक्त्यात बसणार नव्हता. ओट्यावर आईचा फॉर्म भरून पडला होता. अकराच्या अकरा उत्तरं बरोबर. बाराव्यावर ठसठशीत खूण.

"आई, हा कधी भरलास?"

"दूध तापेपर्यंत."

"इतक्या पटकन? विचार नाही केलास?"

"तीस वर्षं या दोघांचं ऐकतेय. माझा विचार केव्हाच करून झालाय."

मुलीने फॉर्म दोनदा वाचला. छत्तीस लोकांचे वेळ तिने मिनिटा-मिनिटाने लिहून ठेवले होते. ते फॉर्म भरायला बसायच्या आधी किती विचार करून आले होते, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. मग एकदम तिच्या लक्षात आलं की आणखी एका माणसाला तिने हे कधीच विचारलं नव्हतं.

"बाबा कुठल्या बाजूचे होते गं?"

आईने पुसलेलाच गॅस पुन्हा पुसला. "काका म्हणायचे, त्यांच्या. मामा म्हणायचा, त्याच्या. मी विचारलं की म्हणायचे, थांब, विचार करतोय."

"शेवटपर्यंत?"

"हॉस्पिटलमध्येसुद्धा विचारलं. म्हटलं, आता तरी सांगा. तर हसले."

मुलीने चार कोरे फॉर्म घेतले आणि प्रत्येकावर बाराव्या प्रश्नाखाली हाताने तिसरा चौकोन काढला: 'अजून विचार चालू आहे.' मोबाइल कपाटात ठेवून ती बाहेर आली. डॉक्टरांना तिने हलवून जागं केलं.

"पुन्हा भरायचे. या वेळी वेळ मोजणार नाही."

"मग कशासाठी भरायचे?" काका रुसले.

तरी भरायला बसले. कोडी भराभर संपली, चुकली तर चुकली. बाराव्यापाशी मात्र मामांचं पेन थांबलं. काकांचंही.

"हे तिसरं दाजींचं आहे," मामा म्हणाले.

काकांनी फॉर्म जरा जवळ ओढला. बऱ्याच वेळाने मामांनी मान लांब केली. "टेलर, तुम्ही कशावर खूण करताय?"

"गप्प बसा हो. बघू दे जरा."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. आईने चार कप आणून ठेवले आणि स्वतःचा नवा फॉर्म उचलून खिडकीपाशी नेला. चहावर साय आली, तरी कप कुणी उचलले नाहीत.

संध्याकाळी गाइडबाईंचा फोन आला. "झाले का चाळीस?"

"होत आले, बाई. पण शेवटच्या चौघांचे वेळ नाहीत."

"नाहीत म्हणजे? तोच तर मुद्दा आहे आपला! का नाही मोजलेस?"

मुलीने दिवाणखान्याकडे पाहिलं. तिथून अजून कुणी उठलेलं नव्हतं.

"ते खरंच विचार करतायत, बाई."

पलीकडून पान उलटल्याचा आवाज आणि थोड्या वेळाने बाईंचा, नेहमीपेक्षा जरा हळू: "मुदत वाढवून देते. उद्या येताना माझ्यासाठीही एक कोरा फॉर्म आण."