पापडांच्या म्हशी

“गो, कापसाला एवढा कोंडू नको. तो गप राहायचा नाय!” असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा मी चक्क हसले. मी फिजिक्सची बी.एस्सी.! मला कापूस शिकवणार?

महाडात जून आला की आम्ही निम्मं घर माळ्यावर चढवतो. नदीचा काय भरवसा! यंदा मी हवा ओढून घ्यायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मागवल्या. रजया, उशा, गाद्या आत कोंबल्या, पंप लावला आणि बाहेरच्या हवेने दाबून सगळ्यांचे पापड केले! “बघा आई, कापूस तेवढाच, जागा पाव!”

आई माळ्याच्या आतल्या टोकाला बसून पापडांची थप्पी लावत होत्या. मी शिडीवरून देत होते. थप्पी आमच्या दोघींच्या मधे छान उभी राहिली. तेवढ्यात पिशवीवरची सूचना दिसली: लहान मुलांना गुदमरण्याचा धोका. खाली माझी दोन वर्षांची पिल्लू खेळत होती. उद्या हिने पिशवी डोक्यावर ओढली तर? मी बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि आत हवा जायला प्रत्येक पिशवीला भराभर टोचे मारले.

फुस्स! फुस्स!

“राजश्री, साप हाय का गो?”

“नाही आई, हवा आहे!”

“मंग ही भिंत माझ्याकडं का येतेय?”

पापडांच्या पुऱ्या झाल्या, पुऱ्यांच्या म्हशी! माळ्याचं तोंड गच्च बंद. मी ओढतेय, म्हशी हलत नाहीत. आईंचा आवाज उशीतून आल्यासारखा बारीक. घाबरून नवऱ्याला फोन केला. नागसेन कामावरून धावत आला.

“आये, बरी हायस ना?”

“हाय! पन भोकं कुनी पाडली, ते इचार!”

नागसेनने माझ्याकडे पाहिलं. मी पिल्लूकडे पाहिलं. खरंच सांगते, लेकीवर ढकलायला निघाले होते! मग तोंडातल्या तोंडात म्हटलं, “मी.”

त्याने पिशव्या फाडून एकेक म्हैस बाहेर काढली. शेवटी कापसाने पांढऱ्या झालेल्या आई निघाल्या. खोकत होत्या. माझ्याकडे पाठ करून बोचकं बांधलं. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने उमरठला गेल्या, नणंदेकडे, वैशालीताईंकडे.

मी फोन केला की वैशालीताईच उचलतात. आई झोपल्यात म्हणतात. सकाळी झोपल्यात, दुपारी झोपल्यात, दिवेलागणीलाही झोपल्यात!

तुमच्यापैकी कुणी पोलादपूरवरून उमरठला जाणार असेल, तर वैशालीताईंकडे जरा डोकावा. माझं नाव काढू नका. आईंचा खोकला थांबलाय का, तेवढं बघून कळवा.