श्वास बाहेर ठेवून ये

परबकाकांच्या खोलीत शिरायचं तर श्वास बाहेर ठेवून यावा लागतो. घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात ते इन्फ्रारेड यंत्र चालवतात. दगड, माती, चुना, काहीही घन पदार्थ मिठासारख्या पांढऱ्या पावडरीत घोटायचा, दाबून नखाएवढी टिकली करायची आणि यंत्रात ठेवायची. टिकली कुठला प्रकाश किती शोषते याचा आलेख निघतो आणि आत काय दडलंय ते कळतं. पण यंत्र जुनं, झाकण नीट बसत नाही. जवळ कुणी बोललं की उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो आणि आलेखात नको तिथे टोक उमटतं.

"तोंड उघडलंस, मेलो आलेख!" म्हणत काका तो टराटरा फाडतात. आणि बोलणाऱ्याकडे असे बघतात, जणू तो देवघरात चपला घालून आलाय.

एकदा तपासणीला तीन मोठे साहेब आले. "सायबानु, फकस्त एक मिनिट," म्हणून काकांनी स्वतःचं नाक धरून दाखवलं. तिघांनी टायसकट श्वास रोखले. एक साहेब वांग्यासारखे जांभळे झाले. काका घड्याळ बघत बोटांनीच सांगत होते, अजून दहा सेकंद.

माझ्यावर मात्र त्यांची मर्जी. शाळेत माझ्या प्रत्येक रिपोर्ट कार्डवर 'शुड स्पीक मोअर' असायचं. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा हिच्याकडे! वर्स झाला, एक आलेख बिघडवूक नाय." मला इतकं बरं वाटलं, की मी काहीच बोलले नाही.

गेल्या महिन्यात खोलीला रंग द्यायचा होता, म्हणून मी काकांचा खण आवरत होते. ते माझ्या चुन्याच्या टिकलीचा आलेख घेत होते. तो दुसऱ्या दिवशी सरांना दाखवायचा होता. खणाच्या तळाशी एक पिवळा पडलेला आलेख सापडला. नको तिथे भलंमोठं टोक. काकांनी शिकवल्याप्रमाणे मी तो फाडायला घेतला.

"फाडू नको गो!"

यंत्रावर वाकलेले काका ओरडले. सगळा श्वास झाकणाच्या फटीत. कागदाचा एक कोपरा माझ्या हातात सुटून आला होता.

त्यांनी तो कोपरा जागेवर लावून पाहिला. "आमची सुनंदा," ते म्हणाले. काकू जाऊन सहा वर्षं झाली, हे मला माहीत होतं. "त्या दिवशी मी रागान डबो घरी ठेवन इलंय. तर ही डबो घेऊन हय हजर! यंत्र चालू, आणि हिची बडबड. हात करून करून दमलंय मी." मग कोपरा बोटाने दाबून धरत, "फोटो आसत गो तिचे. पण फोटोत ती गप आसता."

एवढ्यात माझा आलेख बाहेर आला. मेलेला. काकांनी फाडला नाही. जुन्या आलेखावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही टोकं एकाच जागी होती. दोन्ही कागद त्यांनी खणात ठेवले.

मी नवी टिकली केली. काकांनी यंत्राचं झाकण उघडलं.

"काकू काय म्हणत होत्या?" मी विचारलं. झाकण उघडंच होतं.

"बस," काका स्टूल पुढे सरकवत म्हणाले. "सांगतंय."