नखं दाव

आमच्या कवठे येमाईत माणसं भेटली की "राम राम" म्हणतात. सावळेराम आप्पा "नखं दाव" म्हणतात.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात दोऱ्याला बांधलेलं नेलकटर असतं. मागच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला. आप्पांनी ते जोडलेले हात सोडवून उलटे केले. "मत मागनं मागा. आदी ही माती काढा," म्हणाले, आणि त्याला ओट्यावर बसवून दहाही नखं कापली. कार्यकर्ते बाहेर घोषणा देत उभे! हळदीच्या अंगानं बसलेल्या नवरदेवालाही त्यांनी सोडलेलं नाही. आप्पा दिसले की पोरं हात खिशात घालतात.

आप्पा मेंढरं राखणाऱ्या घरातले. तरुणपणी शहरातल्या एका झूमध्ये नोकरीला लागले, निवृत्त होऊन गावी आले. मला एवढंच ठाऊक होतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शिरूरला झूलॉजी शिकतो. सेमिनारला विषय आला, चिंपांझी आणि गोरिलांमधले जंत. खरं सांगायचं तर घरी हा विषय सांगायला लाज वाटली. पण लिहिलेलं कुणाला तरी वाचून दाखवायचं होतं, म्हणून आप्पांकडे गेलो. नखं दाखवली. पास झालो.

मी वाचू लागलो. हे प्राणी आपल्या इतके जवळचे आहेत की आपला खोकला, आपले जंत त्यांना लागू शकतात. जंगलात ते आधीच थोडे उरलेत. म्हणून त्यांच्याजवळ जाणाऱ्यांनी तोंड झाकावं, अंतर ठेवावं.

"थांब. राखनाऱ्यानं बी?"

"हो आप्पा. कधीकधी त्याच्याकडूनच जातं."

 मग आप्पांनी सोनीचं सांगितलं. सोनी म्हणजे झूमधलं चिंपांझीचं पिल्लू. आई मेलेली. बाटली तोंडात घेईना. डॉक्टरांनीही आशा सोडली. तेव्हा पोरक्या कोकराला पाजतात तसं आप्पांनी दुधात बोट बुडवून तिच्या तोंडात दिलं. ती चोखू लागली.

"समदे म्हनले, सावळ्यानं जगवली."

पुढं वर्षभरात सोनी गेली. पोट उघडलं, तर दोऱ्यासारखे पांढरे जंत. मग माणसांची तपासणी झाली. तेच जंत आप्पांच्यात निघाले. त्यांची अंडी नखांखाली बसतात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"मला गोळी दिली. चार दिसांत मी बरा झालो."

"आप्पा, तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"मला नव्हतं. पुस्तकात व्हतं का तवा?"

होतं. खोटं बोलायला जीभ रेटेना. मी मानेनंच हो म्हणालो.

आप्पांनी नेलकटर काढलं. त्यांच्या बोटांवर कापण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तरी ते एकेक बोट चाचपत राहिले.

"बराबर लिवलंयस. लांब ऱ्हावा म्हनून सांग समद्यांना," ते म्हणाले. मग खाली बघतच म्हणाले, "पर ती कडेवरनं उतरायचीच न्हाई रं."