धोटेकाका फोटो पाठवतात

दिनांक ११ जानेवारी, शनिवार. स्थळ: आमचं स्वयंपाकघर, रेडमंड. हजर: मी, माझा नवरा संजय, आमची पंधरा वर्षांची इरा आणि खालच्या मजल्यावरचे मनोहर धोटेकाका. विषय: एप्रिलमधली सिक्कीमची सहल. निर्णय: जायचं.

हे असं मी लिहून ठेवते. वीस वर्षं ऑफिसातल्या मीटिंगची टिपणं काढून घरातही सवय लागली आहे. त्या दिवशीच्या टिपणात एक गोष्ट मात्र लिहायची राहिली. बैठक संपल्यावर काकांनी गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला, पोह्यांच्या बशांसकट आम्हा तिघांचा एक फोटो काढला आणि म्हणाले, "पाठवतो."

पुढच्या गुरुवारी फोटो आला. टपालानं. आमच्या दारापासून काकांच्या दारापर्यंत सोळा पायऱ्या आहेत. तरी पाकीट, त्यावर तिकीट, पत्ता मोठ्या ठळक अक्षरांत, नकाशावर गावाचं नाव लिहावं तसा. म्हणजे आपले पोहे सिएटलच्या मोठ्या पोस्टात जाऊन परत आले, असं संजय म्हणाला. मी काकांना विचारलं की जिन्यात गाठून हातात का नाही दिलात? ते म्हणाले, "हातात दिलेलं टेबलावर पडून राहते, मेधाताई. टपालानं आलेलं माणूस उघडून पाहते."

तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. फ्रेम केलेला. तेव्हा त्यांचं म्हणणं खरं आहे.

काका नागपूरचे. एका सरकारी कार्यालयात त्यांनी जन्मभर नकाशे काढले. तीन वर्षांपूर्वी पत्नी गेल्यावर मुलानं, अमेयनं, त्यांना इकडे अमेरिकेत आणलं. अमेयला आणि सुनेला दिवसभर कॉल असतात, म्हणून काका सकाळीच रेनकोट घालून बाहेर पडतात आणि माणसांचे फोटो काढतात. बसचा ड्रायव्हर, लायब्ररीतली पुस्तकं लावणारी बाई, आठवड्याच्या बाजारात मध विकणारे नवराबायको. पण फोटो काढायच्या आधी पत्ता घेतात. त्यासाठी शाळेची वही आहे, तिच्यात रेघा मारून रकाने केले आहेत: नाव, पत्ता, काढला, पाठवला. मी यादीवाली बाई आहे, सहजी कुणाच्या यादीला मान देत नाही. त्या वहीला दिला. शेवटच्या रकान्यात एकही घर रिकामं नव्हतं. बसच्या ड्रायव्हरनं तर आपला फोटो काचेशेजारी लावलाय. कुणी विचारलं तर सांगतो की पाठवतो म्हणून खरोखर पाठवणारा असा एकच माणूस त्याला भेटला.

इरानं एकदा त्यांना सुचवलं, "आजोबा, जस्ट व्हॉट्सॲप इट."

"ते दाखवणं झालं," काका म्हणाले. "दाखवणं म्हणजे देणं नाही."

सिक्कीमची कल्पना त्यांच्यामुळेच, आणि ती आमच्या पार्किंगमध्ये निघाली. आमच्या इमारतीसमोर ऱ्होडोडेंड्रॉनची झाडं आहेत. इथे ती सगळीकडेच असतात. राज्याचं फूलच ते. माळी ती कापून गादीसारखी चौकोनी करून ठेवतो आणि मे महिन्यात त्या गादीवर फुलं येतात. पहिल्याच मे महिन्यात काका त्यांच्यासमोर बराच वेळ उभे होते. मला वाटलं, किल्ली हरवली. ते म्हणाले, "हे झाड माझ्या ओळखीचं आहे. पण याचं काय करून ठेवलं बाप्पा. याची जंगलं असतात."

मग त्यांनी मला पाकिटात ठेवलेला एक जुना फोटो दाखवला. रंग विटलेले. लाकडी घराच्या ओट्यावर दोन तरुण बायका. एक पायघोळ पोशाखातली, हातात किटली. दुसरी साडीवर स्वेटर घातलेली, केसात लालभडक फूल, आणि इतकी हसतेय की डोळे दिसत नाहीत. ती सुलभा, काकांची बायको. ऑफिसच्या प्रवास-सवलतीवर दोघं सिक्कीमला गेली होती. दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा तिथल्या मूळच्या लेपचा जमातीतल्या या मुलीनं त्यांना घरात बसवलं, चहा पाजला आणि अंगणातल्या झाडाचं फूल तोडून सुलभाच्या केसात खोवलं. निघताना सुलभा तिला म्हणाली, फोटो पाठवते. मुलीनं चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. चिठ्ठी काकांनी शर्टाच्या खिशात ठेवली. शर्ट नागपूरला धुवायला गेला.

"मग?"

"मग काय. सुलभा महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलली."

काकांनी प्रयत्न केले. तिथल्या पोस्टमास्तरांच्या नावे पाकीट पाठवलं आणि त्यावर पत्त्याच्या जागी नकाशा काढला: नदी, वळण, धबधबा, धबधब्याच्या वर उजवीकडे घर. अपूर्ण पत्ता म्हणून पाकीट परत आलं. मी तो नकाशा पाहिला आहे. इतका सुबक नकाशा परत पाठवताना त्या माणसालाही वाईट वाटलं असेल.

आम्हाला एप्रिलमध्ये भारतात जायचंच होतं, पुण्याला आईकडे. मी वेळापत्रकात दहा दिवस सिक्कीमचे घातले आणि काकांना विचारलं. अमेयला सुट्टी नव्हती. काका लगेच हो म्हणाले आणि घरी जाऊन नवी वही आखायला घेतली.

प्रवासात मला त्यांची काळजी होती, चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. प्रत्यक्षात काळजी आमचीच करावी लागली. लेपचा लोकांच्या भागात जायला परवाना लागतो. आम्ही तिघं अमेरिकन पासपोर्टवाले, त्यामुळे आमचे जास्तीचे फॉर्म, जास्तीच्या झेरॉक्स. मी सगळं फोल्डरमध्ये रंगीत खुणा लावून नेलं होतं, तरी एक प्रत कमी पडली. काका आपलं भारतीय ओळखपत्र दाखवून केव्हाच मोकळे झाले होते. परवान्याच्या खिडकीतल्या माणसाला त्यांनी हिंदीत सांगितलं की या परदेशी पाहुण्यांना जरा बसायला खुर्च्या द्या. पुण्याच्या माणसाचा असा पाहुणचार करायची संधी नागपूरकराला रोज मिळत नाही, असं ते मला नंतर म्हणाले.

फुलांचं जंगल आधी पाहिलं, पश्चिमेकडच्या डोंगरावर. तिथे त्याला गुरांस म्हणतात. चार तास चढउतार, धुकं, आणि धुक्यातून एकदम लाल. मग गुलाबी. मग सायीसारखा पांढरा. झाडं आमच्या दुप्पट उंच, खोडांवर शेवाळ, वाटेवर पाकळ्यांचा चिखल. इरानं फोन खिशात ठेवला; ही नोंद मी त्या दिवशी अधोरेखित केली. बाकी सगळे फोटो काढत होते, काका सोडून. ते हात मागे बांधून चालत होते. मी विचारलं तर म्हणाले, "फुलाला पाठवायचा कुठं? ज्याला पत्ता नाही त्याचा फोटो मी काढत नाही."

माणसांचे मात्र त्यांनी सगळ्यांचे काढले. आमचा ड्रायव्हर, परवान्याच्या खिडकीतला माणूस, वाटेत मोमो खाऊ घालणारी बाई. आणि प्रत्येकाला आधी वही, मग कॅमेरा, आणि शेवटी तो जुना फोटो. ही कोण, सांगता येईल? ड्रायव्हरनं त्यांचा नकाशा हातात घेऊन दोन ठिकाणी गाडी थांबवली. नदी होती. धबधबाही बहुतेक तोच. पण वळण राहिलं नव्हतं. डोंगराचा तेवढा भाग खाली आला होता आणि रस्ता आता दुसरीकडून जात होता. काका उतरले, समोर पाहिलं, नकाशाची घडी घातली.

आम्ही उतरलो होतो ते घर किपमित नावाच्या लेपचा बाईंचं. डोंगरउतारावर मोठ्या वेलचीची शेती, वर लाकडी घर, घरात त्या, त्यांचा नवरा आणि सासू. किपमित फटकळ. काकांनी वही पुढे केली तेव्हा त्या हसून हिंदीत म्हणाल्या, "सगळेच पाठवतो म्हणतात. तुम्हीपण म्हणून घ्या." काकांनी कपाळाला आठ्या घालून त्यांच्या पिनकोडचा एकेक आकडा पुन्हा विचारला.

सकाळी सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. काकांनी फोटो दिला. त्यांनी तो दाराशी उजेडात नेला, हात लांब करून पाहिला, जवळ आणून पाहिला आणि बोट ठेवलं ते दोघींपैकी कुणावरच नाही, किटलीवर. सुनेला आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. किपमितला हसू आवरेना.

"सासूबाई म्हणतायत, ही किटली आमची आहे. निमकित घेऊन गेली, परत दिली नाही."

असा तो शोध लागला. निमकित शेजारची मुलगी. डोंगर खाली आला तेव्हा घर गेलं, माणसं वाचली, आणि कुटुंब खाली उतरलं. आता ती कालिंपोंगला मुलाकडे असते. किपमितनं कुणा मावसभावाला फोन लावला, त्यानं आणखी कुणाला, आणि चहा संपायच्या आत काकांच्या वहीत पूर्ण पत्ता आला. निरोपसुद्धा आला: निमकितला ती हसणारी बाई आठवते.

मी लगेच वेळापत्रक काढलं. परतीच्या दिवशी विमानतळाकडे जाताना कालिंपोंगला वळलो तर दोन-तीन तास जास्त. विमान दुपारचं. सहज जमत होतं. मी तशी ओळ घालून काकांना दाखवली. मला वाटलं होतं, म्हातारा नाचेल.

काकांनी वेळापत्रक नीट वाचलं. म्हणाले, "चांगलं बसवलंय. पण तुमचा दिवस कशाला बिघडवून राहिल्या? पत्ता मिळाला ना आता. घरी गेल्यावर पाठवतो टपालानं."

मी पुन्हा विचारलं. संजयनं विचारलं. इरा चक्क मराठीत म्हणाली, "आजोबा, जाऊ या ना." काका म्हणाले, पाठवतो. काकांनी पाठवतो म्हटल्यावर पुढे वाद घालायला जागा नसते. मी ती ओळ खोडली.

रेडमंडला आल्यावर आठवड्याच्या आत तेवीस पाकिटं गेली. सगळी पोचली. मोमोवाल्या बाईंचं पोचलं, खिडकीतल्या माणसाचं पोचलं. किपमितनं आपल्या भिंतीवर ठोकलेल्या फोटोचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, तुमचे काका खरंच वेडे आहेत.

चोविसावं पाकीट काकांच्या फ्रिजवर चुंबकाखाली होतं. पत्ता घातलेला, तिकिटं लावलेली. मे महिन्यात मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की फोटोची आणखी चांगली प्रत काढायची आहे. जूनमध्ये प्रत निघाली होती, पण जाड पुठ्ठा घालायचा होता. जुलैत पुठ्ठा घातला, तोवर तिकडे पावसाळा लागला, रस्ते बंद. प्रत्येक कारण अगदी व्यवस्थित. मी स्वतः प्रोजेक्ट लांबवणारी शेकडो कारणं ऐकली आहेत, त्यामुळे व्यवस्थित कारणाची मला शंका येते.

ऑक्टोबरमध्ये इराच्या वाढदिवसाचा केक घेऊन खाली गेले. पाकीट तिथेच. मी जरा कडकच बोलले. काका, म्हटलं, त्या बाईंचं वय आता काय असेल?

"सुलभाएवढंच," ते म्हणाले.

मग केकचा तुकडा बशीत एका बाजूला सारून म्हणाले, "जायच्या आधी तिनं मला कामं सांगितली होती. तुमच्यासारखीच यादी करायची ती. लायब्ररीची पुस्तकं परत करा. साड्या बहिणींना द्या. गॅसचं दुसरं सिलेंडर बंद करा. आणि म्हणे, त्या बाईचा फोटो राहिलाच ना हो आपला? सगळं केलं मी, मेधाताई. एकेक करून सगळं झालं. तिनं सांगितलेलं एवढंच आता उरलं आहे."

मी आयुष्यभर यादीतली कामं संपवत आले. संपलं की रेघ मारायची, याच्यापलीकडे कधी विचार केला नव्हता. मी केक कापून त्यांना आणखी एक तुकडा वाढला. त्यांना साखर आहे, तरी वाढला.

निघताना त्यांनी चुंबक काढला आणि पाकीट माझ्या हातात ठेवलं. टपालानं नाही, हातात. "हे तुमच्याकडे राहू द्या," म्हणाले. "तुमच्याकडून काही हरवत नाही. पेटीत टाकू मात्र नका. पावसाळा संपला की मी सांगतो."

तिकडचा पावसाळा की रेडमंडचा, हे मी विचारलं नाही. तिकडचा तेव्हाच संपला होता. इथला लागून आठ दिवस झाले होते, आणि तो मे महिन्यापर्यंत जात नाही.

पाकीट माझ्या गाडीच्या कप्प्यात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. ऑफिसला जाताना टपालपेटी रोज उजव्या हाताला येते. आठवड्याची यादी मी दर रविवारी नव्यानं लिहिते, आणि गेले सहा रविवार तिची पहिली ओळ तीच आहे: काकांचं पाकीट, कालिंपोंग. पुढचा चौकोन रिकामा.